पी की ई? फोनवर हरवलेल्या एका अक्षराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पंपांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत, सुट्या भागांच्या डेस्कवर घडलेलं हे प्रकरण आहे. कंपनी, गिऱ्हाईक आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. डेस्कची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यात माझा वाटा आहेच.

काम तसं सरळ होतं. फिटर साइटवरून फोन करतो, कोणता भाग हवा ते सांगतो, डेस्कवरचा माणूस लिहून घेतो आणि स्टोअर पार्सल काढतं. बोलणं मराठीत, कोड मात्र इंग्रजी अक्षरांत. मेख इथेच आहे. मेकॅनिकल सील, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची (शाफ्टभोवतीची) गळती थांबवणारा भाग. त्याचे कोड बघितले की वाटतं, फोनवर सांगायला सगळ्यात वाईट अक्षरं कोणीतरी मुद्दाम वेचून एकत्र ठेवली आहेत.

हे कोड आमच्या मनाचे नाहीत. ईएन १२७५६ या युरोपीय मानकात सीलच्या प्रत्येक भागाच्या धातू-रबराला एकेक अक्षर दिलेलं आहे. पहिली दोन अक्षरं एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठांची: बी म्हणजे रेझिन भरलेला कार्बन, क्यू म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. तिसरं अक्षर रबराचं: ई म्हणजे ईपीडीएम, पी म्हणजे नायट्राइल, व्ही म्हणजे एफकेएम, ज्याला सगळे व्हायटन म्हणतात. चौथं स्प्रिंगचं, पाचवं बाकीच्या धातूचं. तिथे बहुतेक वेळा जी, म्हणजे मॉलिब्डेनम असलेलं स्टेनलेस स्टील.

म्हणजे आमच्या रोजच्या ऑर्डरी अशा असायच्या: बी क्यू ई जी जी. बी क्यू पी जी जी. बी क्यू व्ही जी जी. मोठ्याने म्हणून बघा. पाचांपैकी चार अक्षरं ‘ई’च्या लांब सुरावर संपतात, आणि तीन कोडांत फरक फक्त मधल्या एका अक्षराचा. तोच फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण रबर चुकलं तर सील टिकत नाही. ईपीडीएम गरम पाण्यात उत्तम चालतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं. नायट्राइल तेलाला चालतं. आणि ही रबरं दिसायला बहुधा सारखीच, काळी कुळकुळीत.

काय घडलं

एका दुपारी आमच्या अनुभवी फिटरचा फोन आला. ते वंगणाच्या तेलाच्या पंपावर काम करत होते आणि शेजारी कॉम्प्रेसर चालू होता. डेस्कवर होता दीड वर्षाचा अनुभव असलेला मुलगा. त्या दिवशी सकाळपासून तो एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या गरम पाण्याच्या पंपांसाठी सील काढत होता. म्हणजे ई, ई आणि ई.

“लिहून घे रे. सील, त्रेचाळीस. बी क्यू पी जी जी.”

“त्रेचाळीस, बी क्यू ई जी जी?”

“हो, हो. उद्या सकाळी मिळेल ना?”

“मिळेल, दादा.”

सील दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचलं. माप बरोबर, रबर काळं, खोक्यावरचा कोड पाचपैकी चार अक्षरांत तंतोतंत. फिटरनी ते बसवलं, पंप चालू केला, गळती नाही हे बघून निघाले. चौथ्या दिवशी पंपाखाली तेलाचं थारोळं होतं आणि मशीन बंद. उघडून पाहिलं तर रबर फुगून मऊ झालेलं, बोटाने दाबलं की खड्डा राहत होता.

पहिली प्रतिक्रिया

अपेक्षेप्रमाणे भांडण. फिटरचं म्हणणं, “मी स्पष्ट पी म्हटलं.” मुलाचं म्हणणं, “मी परत वाचून दाखवलं, ते हो म्हणाले.” मी दोघांना बसवून आधी कोण खोटं बोलतंय ते शोधायला निघालो. हा माझा पहिला चुकीचा निर्णय. त्यात एक दिवस गेला आणि मुलगा आठवडाभर फोन उचलायला बिचकू लागला.

डेस्कचे फोन रेकॉर्ड होतात हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तिघांनी मिळून ऐकलं. दोघंही खरंच बोलत होते. मलाही, आधीच माहीत असूनसुद्धा, पहिल्या वेळी ‘ई’च ऐकू आलं.

चूक नेमकी कुठे होती

पी आणि ई यांत फरक काय? ओठ मिटून उघडताना होणारा एक छोटासा स्फोट, सेकंदाच्या काही शतांश भागाचा. त्याच्यामागे येणारा सूर दोन्हींत तोच. कॉम्प्रेसरच्या फुसफुसाटात तो स्फोट बुडाला की उरतो निव्वळ ‘ई’. त्यात आपल्या उच्चाराचीही भर. इंग्रजी मातृभाषा असणारे शब्दाच्या सुरुवातीच्या पी बरोबर जोराचा श्वास सोडतात. आपण मराठीतला स्वच्छ, अल्पप्राण ‘प’ लावतो. म्हणजे आवाजाच्या गर्दीत पी ओळखण्याची जी एक खूण असते तीही आपल्याकडे नाही.

शिवाय साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झच्या दरम्यानचाच आवाज पुढे नेते. ‘स’ आणि ‘फ’ यांची ओळख पटवणारा बराचसा आवाज याच्या वर असतो. म्हणून एफ आणि एस फोनवर भावंडांसारखे वाटतात. त्याच कारणाने मराठीत ‘सात’मधला ‘स’ उडाला की जे उरतं ते ‘आठ’च्या फार जवळ जातं. ही गोष्ट आम्हाला नंतर, मापांच्या निमित्ताने कळली.

पण माझ्या मते खरी चूक कानाची नव्हतीच. परत वाचून दाखवण्याची पद्धत आमच्याकडे आधीपासून होती, आणि त्या दिवशी ती पाळलीही गेली होती. तरी चूक निसटली. मुलाने ज्या रूपात ऐकलं त्याच रूपात परत म्हटलं. मग साइटवरच्या गोंगाटात फिटरच्या कानावर ‘ई’ आला आणि त्यांनी त्यात आपला ‘पी’ ऐकला, कारण त्यांना तोच अपेक्षित होता. मुलाला ई अपेक्षित होता म्हणून ई ऐकू आला, दादांना पी अपेक्षित होता म्हणून पी. परत वाचणं हा आम्ही पहारा समजत होतो. प्रत्यक्षात तो प्रतिध्वनी होता.

शेवटचा नाका खोक्याचा. त्यावर कोड छापलेला होता. पण सांगितलेलंच आलं असणार या भरवशावर तो कोणी अक्षर न् अक्षर वाचला नाही.

समोर असलेले पर्याय

*आवाज टाळून लेखी पाठवणं.* सगळ्यांना आधी हेच सुचतं, आणि जिथे जमतं तिथे हेच करावं असं माझंही मत आहे. फोटो किंवा मेसेज पाठवला की प्रश्नच मिटला. पण आमच्या कितीतरी साइटवर ज्वलनशील वायूच्या भीतीने मोबाइल आत नेता येत नाही, लँडलाइनवरूनच बोलावं लागतं. हात तेलाने माखलेले असतात. आणि घाईच्या वेळी माणूस बोलतोच.

*कोड बदलणं.* स्वतःचे आकडी क्रमांक द्यायचे, शेवटी पडताळणीचा अंक ठेवायचा, म्हणजे एक अंक चुकला तर संगणकच ओरडेल. कल्पना पक्की आहे. पुस्तकांच्या आयएसबीएनमध्ये हेच असतं. वाहनांच्या १७ वर्णांच्या व्हीआयएन क्रमांकात तर याच्याही आधीची काळजी घेतलेली आहे: आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. मात्र दिसायला वेगळं आणि ऐकायला वेगळं हे दोन निराळे प्रश्न आहेत. व्हीआयएनमध्ये बी, डी, पी, टी सगळे आहेत. शिवाय सीलच्या खोक्यांवर मानकाचेच कोड येणार. आमचा वेगळा क्रमांक म्हणजे भाषांतराची आणखी एक पायरी. हे आम्ही बाजूला ठेवलं.

*देवनागरी.* एका सहकाऱ्याने सुचवलं की “प पतंगाचा” असं सरळ मराठीत सांगू. सूचना ऐकून मी हसलो, पण ती वेडगळ नव्हती. आपापल्या भाषेची यादी ठेवण्यात गैर काहीच नाही. जर्मनीने २०२२ मध्ये आपल्या डीआयएन ५००९ या मानकात अक्षरं सांगण्यासाठी शहरांच्या नावांची यादी आणली. आमची अडचण लिपीची होती. ‘क’ म्हटल्यावर के लिहायचा, सी लिहायचा की क्यू? ‘ज’ म्हणजे जे की जी? कोड रोमन अक्षरांचा असताना ध्वनीवरून अक्षर ओळखायला लावणं म्हणजे नवी चूक आमंत्रण देऊन बोलावणं.

*घरगुती शब्द.* “बी फॉर बॉल” सगळेच करतात, मग त्याचीच यादी करू, असं ठरवून आम्ही हा पर्याय प्रत्यक्षात आठवडाभर वापरला. मुलांनी धंद्यातले शब्द घेतले: बी फॉर बेअरिंग, जी फॉर गिअर, व्ही फॉर व्हॉल्व्ह. तिसऱ्या दिवशी एका ऑर्डरमध्ये सीलबरोबर एक बेअरिंग गेलं. सुट्या भागांच्या डेस्कवर ‘बेअरिंग’ हा अक्षराचा शब्द ठेवणं किती शहाणपणाचं आहे हे तेव्हा कळलं.

*आंतरराष्ट्रीय यादी.* अल्फा, ब्राव्हो, चार्ली वगैरे. विमानवाले आणि लष्करवाले वापरतात ती. आधी मला ती नाटकी वाटायची. घरगुती यादीची गंमत झाल्यावर मी तिचा इतिहास वाचला आणि मत बदललं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेसाठी ती बांधण्याच्या कामात माँट्रियल विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल विने होते. १९५१ मध्ये पहिली यादी आली, तिच्यात सी साठी कोका, एम साठी मेट्रो, एन साठी नेक्टार, यू साठी युनियन आणि एक्स साठी एक्स्ट्रा असे शब्द होते. वापरताना कळलं की नेक्टार आणि व्हिक्टर यांची गल्लत होते, डेल्टा आणि एक्स्ट्रा यांचीही. मग ३१ देशांच्या लोकांवर चाचण्या घेऊन या पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. स्पेलिंगसुद्धा मुद्दाम वाकडं: अल्फामध्ये पीएच ऐवजी एफ, आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन टी, नाहीतर फ्रेंच माणूस शेवटचा टी गिळेल.

तज्ज्ञांनाही पहिल्या फेरीत सव्वीसपैकी पाच शब्द बदलावे लागले. आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून केलेली यादी टिकेल असं मानणं हा भाबडेपणा होता.

काय केलं

यादी देवनागरीत छापून प्रत्येक फोनशेजारी लावली. इंग्रजीत न छापण्याचं कारण एकच: क्यूचा शब्द ‘क्वेबेक’ की ‘केबेक’ यावर वाद नको. उच्चार केबेक, तसंच लिहिलं. फिटरांना खिशात मावेल असं कार्ड दिलं.

नियम तीन. तिन्ही डेस्कच्या बाजूने.

एक, अक्षरं नेहमी शब्दांनी परत वाचायची. फिटर काहीही म्हणो, डेस्कने “ब्राव्हो, केबेक, पापा, गोल्फ, गोल्फ” असंच म्हणायचं. दोन, नुसत्या “हो”वर फोन ठेवायचा नाही. निदान रबराचं अक्षर समोरच्याने त्याच्या तोंडून परत म्हणायचं. तीन, मापं अंक सुटे करून.

तिसऱ्या नियमामागे सीलचीच मापं आहेत. शाफ्टच्या मापांत ४३, ५३, ६३ ही सगळी येतात. मराठीत त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट. वाईट लाइनवर ‘त्रे’ स्पष्ट ऐकू येतं आणि शेपूट हरवतं. ३८ आणि ४८, ५८ आणि ६८ यांचंही तेच: अडतीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठावन्न, अडुसष्ट. “चार, तीन” म्हटलं की हा गुंता सुटतो. मग ‘सात’ आणि ‘आठ’ यांनी डोकं वर काढलं. त्यावर आमच्या त्याच मुलाने एक युक्ती काढली, जी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. फिटर मराठीत “सात” म्हणाला तर डेस्कने इंग्रजीत “सेव्हन” म्हणायचं, आणि तो “सेव्हन” म्हणाला तर “सात”. सात-आठ मराठीत गोंधळतात, इंग्रजीत नाही. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन गोंधळतात (म्हणून तर विमानवाले ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ म्हणतात), पाच आणि नऊ मराठीत कधीच नाही. दोन्ही भाषांत एकाच जागी खड्डा नाही. परत वाचताना रूप बदललं की प्रतिध्वनीचा पुन्हा पहारा होतो.

अडचणी

पहिली अडचण लाजेची. भर कारखान्यात, चार माणसांसमोर “पापा” म्हणायचं? ज्यांच्या ऑर्डरवरून सगळं सुरू झालं ते दादा म्हणाले, “हे पापा-बिपा माझ्याच्यानं व्हायचं नाही.” मी आधी आग्रह धरला, आणि तो माझा दुसरा चुकीचा निर्णय. दोन आठवडे ते डेस्कला फोनच करेनात, दुसऱ्या फिटरमार्फत निरोप द्यायला लागले. म्हणजे मध्ये एक कान वाढला. शेवटी ठरलं की फिटरने हवं तसं बोलावं, शब्दांची सक्ती फक्त डेस्कला. आणि दुसऱ्या नियमातलं परत म्हणणं त्यांनी “नायट्राइल” असं रबराच्या नावाने केलं तरी चालेल. सहा महिन्यांनी दादा स्वतःच “ब्राव्हो केबेक” म्हणताना ऐकू आले. कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

दुसरी अडचण आमच्या लक्षातच आली नव्हती. स्टोअरमधल्या नव्या मुलाने ‘केबेक’ ऐकून के लिहिला. त्याचं काय चुकलं? त्याच्या कानाला तो ‘के’च आहे. ‘झुलू’ ऐकून एकाने जे लिहिला, कारण मराठीत ‘झ’ चं इंग्रजी स्पेलिंग कोणी झेडने लिहितो, कोणी जे-एचने. व्हिक्टर आणि व्हिस्की तर दोन्ही आपल्याकडे ‘व्हि’. सुदैवाने आमच्या कोडांत डब्ल्यू येत नाही. यादी फक्त बोलणाऱ्याकडे असून भागत नाही, ऐकणाऱ्याकडेही तीच हवी, आणि त्याने ध्वनीवरून अंदाज बांधण्याऐवजी तक्त्यात बघायला हवं. स्टोअरमध्ये तक्ता लावायला आम्ही विसरलो होतो.

बाहेरच्या पुरवठादारांशी बोलताना आजही थोडं जड जातं. समोरच्याला यादी माहीत नसली तर “पापा, म्हणजे पी” असं अक्षरासकट सांगतो. लांबतं, पण चालतं.

निष्पन्न

मी डेस्कवर होतो तोवर अक्षर चुकीचं ऐकल्यामुळे चुकीचं सील गेल्याची तक्रार पुन्हा आली नाही. फोन किंचित लांबले, त्यावर सुरुवातीला कुरकुर झाली. मुलगा पुन्हा मोकळेपणाने फोन घेऊ लागला, आणि नव्या माणसांना शिकवायचं काम त्याच्याकडेच आलं.

तरी एक चुकीचं सील गेलंच. फिटरने जुन्या सीलच्या खोक्यावरून कोड वाचला, डेस्कने “ब्राव्हो, केबेक, एको, गोल्फ, गोल्फ” असं परत वाचलं, फिटरने “एको, बरोबर” म्हटलं. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पण आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत त्या तेलाच्या पंपाला मुळात चुकीचं सील बसवलेलं होतं, आणि आम्ही तीच चूक अगदी शुद्ध उच्चारांत पुन्हा पाठवली.

पुन्हा करायचं झालं तर

भांडण लावण्याआधी रेकॉर्डिंग ऐकेन. घरगुती यादीवर आठवडा घालवणार नाही. फिटरांवर सक्ती करणार नाही. स्टोअरचा तक्ता पहिल्या दिवशी लावेन, आणि खोकं उघडण्याआधी कोड बोट ठेवून वाचण्याची सवयही तेव्हाच सुरू करेन. ती आम्ही फार उशिरा केली.

सगळ्यात आधी मात्र एक प्रश्न विचारायला लावेन: “पंपात काय आहे?” त्या पहिल्या फोनवर हा प्रश्न आला असता तर दादांनी “तेल” म्हटलं असतं, आणि तेल म्हटल्यावर ई लिहिताना त्या मुलाचा हात थांबला असता. दुसऱ्या चुकीतही तेच. यादीने अक्षरं सुखरूप पोचतात, ती अक्षरं त्या पंपाची आहेत की नाही हे तिला कळत नाही.

ऑर्डरच्या छापील पॅडवर द्रवाचा रकाना आधीपासून होता. अगदी शेवटी, खाली बारीक अक्षरांत “माहीत असल्यास” असं लिहिलेला. पुढच्या छपाईत तो कोडच्या वर घेतला आणि ते दोन शब्द काढून टाकले.